'हॅपी हॉलिडेज' म्हणजे 'सुट्टीच्या शुभेच्छा' नव्हेत

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, डिसेंबरात तेथील दुकाने 'मेरी ख्रिसमस' टाळून 'हॅपी हॉलिडेज' म्हणतात आणि त्यावरून अनेक ख्रिस्ती मंडळी दुखावली जातात. तर या निधर्मी शुभेच्छेला मराठीत 'सुट्टीच्या शुभेच्छा' म्हटलेले चालेल का? चालणार नाही. हे भाषांतर दरवर्षी कानांवर येते आणि दरवर्षी खटकते, कारण सुट्टीच्या शुभेच्छा शाळेच्या शेवटच्या दिवशी मुलांना द्यायच्या असतात, सणाच्या दिवशी शेजाऱ्याला नव्हे.

शिवाय हा शब्द निधर्मी आहे, हे गृहीतच चुकीचे आहे. 'हॉलिडे' म्हणजे मुळात 'होली डे', पवित्र दिवस. चर्चने नेमलेल्या अशा दिवशी कामे बंद असत, म्हणून सुट्टीचा अर्थ त्याला मागाहून चिकटला, आणि जोडशब्दात 'होली'तला 'ओ' आखूड झाल्यामुळे मूळ शब्द कानाला ओळखू येईनासा झाला. हेच पावित्र्य 'हॅलिबट' या माशाच्या नावातही दडलेले आहे: 'बट' म्हणजे चपटा मासा, आणि मांस वर्ज्य असलेल्या पवित्र दिवशी तो खाल्ला जाई म्हणून तो 'पवित्र' ठरला.

2005 मध्ये अमेरिकन फॅमिली असोसिएशन या सनातनी ख्रिस्ती संघटनेने जाहिरातींत 'ख्रिसमस' हा शब्द नाही म्हणून 'टार्गेट' दुकानांवर बहिष्कार पुकारला. 'वॉलमार्ट'ने 2006 मध्ये 'मेरी ख्रिसमस' पुन्हा आणले. 2015 मध्ये तर 'स्टारबक्स'च्या नक्षीविना कोऱ्या लाल कपावरूनही वाद पेटला. ज्या सणावर वर्षाचा गल्ला भरतो त्याचे नाव घ्यायला दुकानदार कचरतो, हे त्या भाविकांचे दुःख मला खरे वाटते. मात्र 'हॉलिडे' या शब्दानेच देव हद्दपार केला, हा त्यांचा आरोप मान्य करता येत नाही. मॅसेच्युसेट्समधील प्युरिटन या कडव्या प्रॉटेस्टंट पंथीयांनी 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्यास 5 शिलिंग दंड ठेवला होता आणि तो कायदा 1681 पर्यंत टिकला. बायबलचा आधार नसलेले 'पवित्र दिवस' चर्चने माणसांवर लादले, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे एका काळच्या ख्रिस्ती माणसांना जो शब्द अति धार्मिक वाटला, तोच त्याच देशात आज धर्महीन ठरवला जात आहे.

'ख्रिसमस'ऐवजी 'एक्समस' (Xmas) असे लिहिण्यावरचा रागही असाच अनाठायी आहे. तो 'एक्स' म्हणजे काट मारण्याची फुली नव्हे, तर 'ख्रिस्तोस'चे ग्रीक आद्याक्षर 'खी' आहे. इंग्रजी उच्चारात 'क' उरला, पण मराठीने 'ख्रिस्त' लिहिताना तो महाप्राण 'ख' जपला, याचा मला फार आनंद वाटतो.

आता मराठी प्रतिशब्द. 'सण' हा शब्द संस्कृत 'क्षण'पासून आला आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'क्षण' हा 'उत्सव'चा पर्याय म्हणून दिलेला आहे. प्राकृतात त्याचा 'छण' झाला आणि मराठीत 'सण'. क्षुरिकेची जशी सुरी झाली, तशीच ही वाट आहे. सणाचे नाते सालवाचक अरबी 'सन'शी जोडणारे मला अधूनमधून भेटतात. त्यांनी आधी 'न'चा 'ण' कसा झाला ते सांगावे आणि अमरकोश उघडून पाहावा. नेहमीच्या दिवसांतून वेगळा काढलेला काळ हा भाव 'हॉलिडे'त आहे आणि 'सण'मध्येही आहे. 'सुट्टी' मात्र 'सुटणे'पासून आलेली, तिच्यात केवळ कामातून मोकळे होणे आहे.

म्हणून ज्यूंचा हनुका, नाताळ आणि नववर्ष यांना एकत्र कवेत घेणाऱ्या त्या अनेकवचनासाठी 'सणांच्या शुभेच्छा' म्हणावे. ज्या घरी नाताळ आहे हे ठाऊक आहे, तेथे मात्र 'नाताळच्या शुभेच्छा' असेच म्हणावे. आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी जन्म आहे, आणि त्या घरात त्या दिवशी जन्माचाच आनंद असतो.