वेढा पडलाय, जेवायला नंतर

स्टुटगार्टहून एका आईने लिहिलंय: चौदा वर्षांचा मुलगा शनिवार-रविवार कॉम्प्युटरवर लढाया खेळतो. हाक मारली की "आई, वेढा पडलाय, पाच मिनिटं!" आणि ताटातला वरणभात गार. बंदी घालू का?

ताई, तुमच्या वर्णनावरून हा 2009 चा 'एम्पायर: टोटल वॉर' दिसतोय. त्यात मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं. वर्गात शिवाजी महाराजांचं नावही कुणी ऐकलेलं नसताना पडद्यावर मराठे इंग्रज-फ्रेंचांच्या पंगतीला बसलेले दिसतात, याचं त्या वयात केवढं अप्रूप! पण खरी ओढ मला वाटते हिशेबाची. फौज वाढवली की खजिना आटतो, कर वाढवला की रयत उठते, आणि निर्णय सर्वस्वी त्याचा. घरी मोजे कुठले घालायचे हेही आपणच सांगतो.

बंदी नको. भांडण घड्याळावरूनही नको. या खेळात एक टर्न, म्हणजे एक खेळी, खेळातल्या सहा महिन्यांची असते. टर्न संपवून डाव सेव्ह करून उठता येतं, लढाई चालू असताना नाही. ऐन लढाईत हाक मारली की पोरगा चिडणारच. 'जेवणाआधी अर्धा तास नवी लढाई सुरू करायची नाही' एवढाच नियम ठेवा. माझ्या भाच्याकडे हा टिकला. 'फक्त एक तास' दोन दिवसांत मोडला होता.

आणि एकदा शेजारी खुर्ची ओढून बसा. खेळ सुरू होतो 1700 मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले, एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती पडला, आणि कारभार ताराबाईंनी उचलला. (खेळ तेव्हापासूनच मराठ्यांना राज्यसंघ म्हणतो, तो प्रकार पुढचा, पेशवाईतला.) खेळात किल्ला गेला की तोटा. ताराबाईंच्या काळात मराठे किल्ला महिनोन् महिने झुंजवायचे, मोगलांचा पैसा आणि माणसं पुरती खर्ची पडली की बोलणी करून, कधी वर रोकड घेऊन, खाली उतरायचे. बादशहाची पाठ वळली की किल्ला परत आपला. मुलाला विचारा, तुझ्या खेळात किल्ला असा विकून परत घेता येतो का? मग बघा कसा तावातावाने समजावायला लागतो. अर्धं जर्मनमध्ये बोलेल, बोलू द्या. तुम्ही मात्र रसद, तह, मुलूख असेच शब्द वापरा. दुरुस्त्या नकोत, आणि मराठी शाळेची वही तर त्या खोलीत आणूच नका.

अनोळखी लोकांशी ऑनलाइन खेळत असेल तर तिथल्या गप्पांवर लक्ष ठेवा. तिथे कडक राहिलात तरी चालेल.

वरणभाताचं म्हणाल, तर मायक्रोवेव्ह त्यालाही लावता येतो.