काकांनी सही केलेला कागद

तुम्ही विचारलंय, मानसिक आजार हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. सरकारी धोरणांचा आणि कायद्यांचा त्याच्याशी खरंच काही संबंध असतो का?

असतो. मी बेळगाव तालुक्यातला. हा संबंध मी माझ्या काकांच्या मोडलेल्या झोपेत बघितलाय.

काका सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले. रोज सकाळी 'तरुण भारत' पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, गावातल्या चार जणांना समजावूनही सांगतात. एके दिवशी शिवारातून रस्ता जाणार म्हणून त्यांच्या हातात एक कागद पडला, सगळा कन्नडमध्ये. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते घरोघरी फिरले. एक म्हणाला, नुसती मोजणी आहे. दुसरा म्हणाला, जमीन गेली समजा. तिसऱ्याने वाचून काहीच न बोलता पिशवी परत दिली, आणि काकांना तेच सगळ्यात जास्त लागलं. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला २१ दिवस असतात. आम्हाला कागदाचा अर्थ नीट लागेपर्यंत ते उलटून गेले होते. मग काका रात्री उठून ट्रंक उघडायला लागले, पिशवी जागेवर आहे का बघायला. आधी एकदा, पुढे तीन-तीनदा. जेवण कमी झालं, पेपर नुसता घडी घालून पडून राहू लागला.

शेवटी दवाखान्यात नेलं. आमच्याकडे "धारवाडला नेलं" म्हटलं की लोक काय ते समजतात, तिथलं मनोरुग्णांचं इस्पितळ, आताचं डिम्हान्स, सगळ्यांना ठाऊक. म्हणून काकू म्हणाली, जवळच कुठेतरी बघू. तिथे डॉक्टरांनी तपासलं, दाखल करायचं ठरलं आणि एक फॉर्म पुढे आला. तोही कन्नडमध्ये. "इथं सही करा." काकांनी केली. चार दिवसांनी घरी येताना बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी हळूच विचारलं, "जमीन लिहून घेतली काय रे त्यांनी?"

चार दिवस तो माणूस हे मनात धरून गोळ्या गिळत होता.

नंतर मी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ शोधून वाचला. २९ मे २०१८ पासून तो देशभर लागू आहे. त्यात रुग्णाच्या संमतीची व्याख्याच अशी आहे की उपचाराचे फायदे, धोके आणि दुसरे पर्याय त्याला समजेल अशा भाषेत सांगितल्यावर, कसलीही जबरदस्ती नसताना त्याने दिलेली ती संमती. समजेल अशा भाषेत! सीमाभागात मराठी परिपत्रकांची मागणी करत आमच्या पिढ्या गेल्या, आणि इथे संसदेने केलेल्या कायद्यात ते लिहूनच ठेवलंय. काकांची सही त्या व्याख्येत बसत नव्हती. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर मी काउंटरवर गप्प बसलो नसतो. ती सल अजून आहे.

कर्नाटकाबद्दल मनात अढी ठेवून हे लिहीत नाही. उलट मनाचे उपचार मोठ्या शहरातून जिल्ह्यात आणायची वाट याच राज्याने दाखवली. १९८० च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात साध्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना तयार करून हे काम केलं, आणि त्याच धर्तीवर १९९६ पासून देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. धोरण चांगलं असलं की असं होतं. पण गोळी तालुक्यापर्यंत पोचली आणि बोलणं पोचलं नाही, तर मनाच्या आजारात अर्धा उपचार वाटेतच राहतो. हाड मोडलं तर खुणेने सांगता येतं. रात्री छातीत काय होतं ते खुणेने कसं सांगणार?

दुसरं उदाहरण त्याहून जड आहे. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. त्यामुळे वाचलेल्या माणसाला घरचे दवाखान्यात नेत, पण "अपघात झाला" म्हणून सांगत. पोलीस केसची भीती. जिवाला कशाने घोर लागला होता हे डॉक्टरला कळायचंच नाही आणि माणूस तसाच घरी यायचा. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने हे फिरवलं: असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ राहिलेलंच नाही. फक्त सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर कलम २२६ आहे, आणि जमिनीसाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांचा विचार केला की मला ते खटकतं. तरीही गावात अजून लोक "अपघात"च सांगतात. कायदा बदलला हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितलं?

आणि सीमाप्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही या राज्यात आलो, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. माझे आजोबा प्रत्येक तारखेची बातमी कापून ठेवत. ते गेले, कात्रणं काकांकडे आली. घरात दोन पिढ्या निकालाची वाट बघत असल्या की ती वाट माणसाच्या स्वभावात उतरते. याला आजार म्हणू नका, पण ओझं नक्की म्हणा.

तुमच्या घरात कोणी असेल तर एवढं करा. सही करण्याआधी "मराठीत समजावून सांगा" म्हणा. हा हक्क आहे, उपकार नव्हे. रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः लिहून नेमता येतो, तो नेमा. ऐकलं नाही तर याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, कलम २१ बघा. आणि जीव नको असं कोणी बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

काकांचं पुढे काय झालं? पुढच्या खेपेला दुसरीकडे गेलो. तिथल्या नर्सबाई कन्नड घरातल्या, पण मोडक्यातोडक्या मराठीत त्यांनी फॉर्मची एकेक ओळ बोट ठेवून सांगितली. वीसेक मिनिटं गेली. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारला, "बाई, ही गोळी दुधाबरोबर चालती काय?"