परत आलेल्या लेकराला काय विचारायचं?

“मॅडम, आता त्याले काही म्हणायचंच नाही का? म्हटलं अन् पुन्हा गेला तं?”

नागपुरातल्या मानेवाड्याहून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या त्या माउलीने खुर्चीत बसायच्या आधीच हे विचारलं. घरातून पळून जाऊन परत आलेल्या तिच्या मुलाला इथे सागर म्हणू. वय पंधरा. ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत.

वडिलांच्या मोबाइलवरून गेममध्ये नऊ हजार रुपये उडाले होते. दुकानाच्या मालाचे पैसे. हिशेबाचा दिवस जवळ आला तसा सागर ट्यूशनला म्हणून निघाला तो थेट स्टेशनवर गेला. दप्तरात एक शर्ट, चार्जर आणि धुऊन पुसून ठेवलेला डबा. त्या डब्याशी मी बराच वेळ अडले. पळून जाणारं पोर डबा धुतं, कारण आईला नंतर तो घासायला लागू नये असं त्याला वाटतं. त्याला घर नको झालेलं नव्हतं, त्याला हिशेबाच्या दिवसाची भीती वाटत होती.

आई-वडील रात्री दोनपर्यंत नातेवाइकांकडे फिरत राहिले. “ठाण्यात गेलं तर पोरावर डाग लागेल” आणि “चोवीस तास थांबावं लागतं” हे दोन समज आड आले. दोन्ही चुकीचे आहेत. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून लगेच गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं आहे. तो गुन्हा मुलावर नसतो. आणि आपल्या नागपुरात तर दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही लोहमार्ग एकमेकांना भेटतात. सकाळपर्यंत लेकरू चारपैकी कोणत्याही दिशेला गेलेलं असू शकतं. थांबायला वेळ कुठे आहे?

सागर गेला नाही, कारण एका हमालदादांचं लक्ष गेलं. दोन गाड्या सुटल्या तरी हा पोरगा बाकावरून हलत नाही, थंडीत नुसत्या शर्टावर बसलाय. त्यांनी चौकशी केली नाही, दरडावलं नाही. चहा-बिस्किट दिलं, आपली शाल पांघरली आणि मग रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला बोलावून आणलं. असं मूल दिसलं तर तुम्ही-आम्हीही हेच करावं. जवान जवळ नसेल तर 1098 हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

त्यानंतर सागर दोन रात्री बालगृहात होता. याचं आईला फार लागलं होतं. “कैद्यासारखं ठेवलं जी.” मी तिला म्हटलं, ताई, सापडलेल्या मुलाला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावंच लागतं. समिती मुलाचं म्हणणं ऐकून घेते, घरी काय चाललंय ते तपासते. तुमच्या घरी तो सुखरूप राहील हे कळायला वेळ लागला. काही मुलांसाठी घरच धोक्याचं असतं: मारहाण, लैंगिक छळ, जबरदस्तीचं लग्न. त्यांना “आईबाप शेवटी आईबापच” म्हणत घरी पोचवून देणं म्हणजे घात आहे.

आता तिच्या प्रश्नाकडे येते. बोलायचं, नक्की बोलायचं. पण पहिले दोन दिवस जेवण, आंघोळ, झोप एवढंच. पाहुण्यांसमोर उलटतपासणी नको, “जा मग परत” तर कधीच नको. “का गेलास?” या प्रश्नाला मुलं गप्प बसतात. मी सागरला विचारलं, “जायच्या आधी कुणाला सांगावंसं वाटलं होतं?” तेव्हा कळलं की त्याने वर्ध्याच्या आत्याला फोन केला होता. ती “अभ्यास कर” म्हणाली आणि फोन ठेवला. मित्राची बॅटही त्याने न मागता परत केली होती. असं सगळं आवरतं घेणं ही कधी कधी धोक्याची खूण असते, म्हणून मी सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटला का? असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट मनावरचं ओझं उतरतं. सागर “नाही” म्हणाला. “हो” म्हणाला असता तर त्याला एकटं सोडायचं नव्हतं, डॉक्टरांकडे न्यायचं होतं. असा विचार कुणाच्याही मनात येत असेल तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी बोलता येतं.

वडिलांशी जड गेलं. “मारलं नाही तर सुधरन कसा?” म्हणत होते. तिसऱ्या भेटीत मी डब्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ खाली बघत राहिले. पट्टा बंद झाला. नऊ हजारांची फेड ठरली: रविवारी सकाळी सागर दुकानात बसतो. घरी सांगता आलं नाही तर कुणाला सांगायचं, ती तीन नावं त्यानेच निवडली: काटोलचे मामा, ट्यूशनचे सर, शेजारच्या काकू. तिघांनाही मी बोलावून घेतलं. ऐकायचं आधी, सल्ला नंतर, एवढंच त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

ती शाल अजून सागरकडेच आहे. परत द्यायला बापलेक दोनदा स्टेशनवर जाऊन आले. त्या दादांची पाळी रात्रीची असते म्हणे. या शनिवारी उशिरा जाणार आहेत.