हापूसच्या कलमांना कल्टार: किती, कधी आणि कोणत्या झाडाला

प्रश्न (राजापूर तालुका): हापूसची 70 कलमे आहेत, वय 22 ते 25 वर्षे. चार वर्षे कल्टार (पालवीची वाढ रोखून मोहोर आणणारे औषध) घालतो. पहिली दोन वर्षे मोहोर लवकर आला, फळही भरपूर लागले. गेल्या हंगामात मोहोर आखूड, गुच्छासारखा आला आणि कैरी टिकली नाही. दुकानदार म्हणतो मात्रा कमी पडते, यंदा झाडाला 50 मिली घाला. घालू का?

उत्तर: नको. 50 तर नकोच, यंदा कल्टारच घालू नका.

तुम्ही सांगता तो आखूड, गच्च मोहोर मात्रा कमी पडल्याचा नाही, जास्त झाल्याचा आहे. अशा बागा मी गेली कित्येक वर्षे बघतो आहे आणि दर वेळी दुकानातला सल्ला एकच असतो: अजून घाला. उद्या बागेत जाऊन एक फांदी खाली ओढा आणि गेल्या दोन पालव्या बघा. पानांमधले अंतर बोटाच्या पेरापेक्षा कमी झाले असेल, शेंड्याला पाने मूठ आवळल्यासारखी एकावर एक बसली असतील, तर झाड तुम्हाला स्पष्ट सांगते आहे. मग बुंध्याशी बसा. सालीतून डिंक पाझरतो का, खाली भिरुडाचा (खोड पोखरणाऱ्या किडीचा) भुसा पडला आहे का, तेही बघा. थकलेल्या झाडावर भिरूड आधी चढतो.

कल्टारमधले पॅक्लोब्युट्राझॉल झाडात जिबरेलिन (वाढ करवणारे संप्रेरक) तयार होऊ देत नाही. जिबरेलिन घटले की पालवीची ओढ कमी होते आणि झाड मोहोराकडे वळते. त्यात अन्नाचा कणही नाही. लागलेले सगळे फळ झाड स्वतःच्या साठ्यातून पोसते. शिवाय हे रसायन जमिनीत बराच काळ टिकते. तुमच्या मुळांशी आधीच्या वर्षांची शिल्लक आहे, त्यावर 50 मिली म्हणजे झाडाचा गळा आवळणे आहे.

दोन वर्षे बंद ठेवा. दहा वर्षांवरच्या झाडाला 50 किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश द्यायचेच आहे, ते झाडाच्या विस्ताराच्या (फांद्यांच्या घेराच्या) थोडे आत चर काढून, मातीआड करून द्या. बुंध्याशी ओतलेले खत झाडाला मिळत नाही. पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाडाची मधली उभी फांदी काढा. याबद्दल पुढे लिहितो, कारण माझ्या मते खरे औषध तेच आहे.

प्रश्न (देवगड तालुका): पहिल्यांदाच घालणार आहे. कोणी म्हणतो झाडाला 20, कोणी 30, कोणी वयाइतके मिली. नेमके किती?

उत्तर: वयावर नाही, विस्तारावर. टेप घ्या, झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम मोजा, दक्षिण-उत्तर मोजा, बेरीज करून निम्मे करा. जितके मीटर येतील त्याला तीनने गुणा, तितके मिली. पूर्व-पश्चिम 8 मीटर आणि दक्षिण-उत्तर 7 मीटर असेल तर सरासरी साडेसात, म्हणजे साडेबावीस मिली. हा हिशेब 23 टक्के तीव्रतेच्या द्रावणाचा आहे. बाजारात 40 टक्क्यांचेही मिळते, त्याला तीनने गुणलेत तर पावणेदोनपट डोस जाईल. बाटलीवरची टक्केवारी स्वतः वाचा, दुकानदाराला विचारू नका. बिनालेबलच्या पांढऱ्या कॅनमधले ‘तेच औषध, स्वस्तात’ घेऊ नका. बाटलीच्या झाकणाने मोजू नका, मापाची नळी दहा-वीस रुपयांना मिळते.

वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट. पुष्य आणि आश्लेषा म्हणा हवे तर. मुसळधार पाऊस चालू असेल तर दोन दिवस थांबा, नाहीतर औषध वहाळात जाईल. झाडाखालचे गवत आधी काढा. बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोलाकार, सारख्या अंतराने 25 ते 30 खड्डे पाडा, 10 ते 12 सेंटिमीटर खोल. मोजलेले औषध 3 ते 6 लिटर पाण्यात ढवळा, सगळ्या खड्ड्यांत सारखे ओता आणि बुजवा. पहारीने चार भोके पाडून चार ठिकाणी ओतणारे गडी मी पाहिले आहेत. त्या झाडाची एक बाजू मोहोरते आणि दुसरी नुसती पालवते.

दहा वर्षांखालच्या, रोगट, पानगळ झालेल्या किंवा कातळावर कशाबशा तगलेल्या कलमाला अजिबात घालू नका. ज्याला घालाल त्याला खत नेहमीच्या दीडपट. खताची ऐपत नसेल तर कल्टारची बाटली दुकानातच राहू द्या.

प्रश्न (गुहागर तालुका): डिसेंबरपर्यंत मोहोर आला नाही तर तेव्हा कल्टार चालेल का? दुकानात हो म्हणतात.

उत्तर: चालत नाही. रसायन मुळांतून शेंड्यापर्यंत पोचून वाढ थांबवायला काही महिने जातात, म्हणून तर पावसात घालतात. डिसेंबरात घातलेले त्या हंगामाला उपयोगी पडत नाही, पुढच्या हंगामाला मात्र जमिनीत शिल्लक उरते आणि जुलैत तुम्ही पुन्हा पूर्ण मात्रा घालता. दुकानात हो म्हणतात कारण डिसेंबरात माल पडून असतो. मोहोर यायच्या आधी पाणीही देऊ नका, पालवी फुटेल.

प्रश्न (रत्नागिरी तालुका): बाग तीन वर्षांच्या कराराने दिली आहे. करारदार किती कल्टार घालतो ते कळत नाही. कसे रोखायचे?

उत्तर: या प्रश्नासाठी मी जास्त जागा घेणार आहे, कारण कल्टारने खचलेल्या ज्या बागा मी पाहिल्या त्यातल्या बऱ्याच करारावरच्या होत्या. करारदाराला तीन हंगाम हवे असतात, तुम्हाला आणि तुमच्या मुलांना पुढची चाळीस वर्षे. एका बागेत करार संपल्यावर मालकांनी मला बोलावले. झाडे हिरवी होती, लांबून काही वाटत नव्हते. जवळ गेलो तर शेंडे बोटभर आखूड, पाने चुरगळलेली, आणि खालची माती उकरली तर खड्ड्यांची दोन-दोन वर्तुळे, म्हणजे एकाच पावसाळ्यात दोनदा घातलेले. मालक मुंबईला असतात, त्यांना कोण सांगणार?

करारातच लिहून घ्या: कोणत्या झाडांना घालणार, प्रत्येकाचा विस्तार किती, मात्रा किती मिली, खत किती आणि कोण देणार. झाडांना नंबर घाला. औषध घालायच्या दिवशी मालकाने किंवा घरच्या कोणीतरी समोर उभे राहायचे. रिकाम्या बाटल्या मोजून घ्या. करारदार कुरकुर करील, करू द्या. करार संपला की एक-दोन वर्षे बागेला कल्टारविना विश्रांती.

आता मधल्या फांदीचे. दाट बागांत आतली पाने उन्हाला वंचित असतात, मोहोर फक्त वरच्या टोपीवर येतो, फवारा तिथे पोचत नाही आणि तुडतुडे आत सावलीत मजेत राहतात. बागायतदार म्हणतो मोहोर कमी, आणि कल्टार आणतो. मधली उभी फांदी बुडापासून काढली की दुपारी झाडाखाली उन्हाचे कवडसे पडले पाहिजेत, ही माझी खूण. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पहिल्या वर्षी फळ थोडे कमी येईल. शेजारी हसतील. तरीही काढा.

प्रश्न (मालवण तालुका): मोहोरावर फुलकिडे फार. गेल्या वर्षी दर आठवड्याला तीन औषधे एकत्र मारली, तरी गेले नाहीत.

उत्तर: म्हणूनच गेले नाहीत. दर आठवड्याला तीच औषधे बसली की फुलकिडे त्यांना सरावतात आणि त्यांना खाणारे मित्रकीटक मरतात. स्पिनोसॅड 45 एससी 10 लिटर पाण्यात 2.5 मिली, एकटेच. गरज वाटली तर पुढची फवारणी वेगळ्या गटातल्या औषधाची. दुकानदाराने बांधून दिलेले ‘कॉम्बी’ परत करा. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारू नका, मधमाश्या आणि माश्या मेल्या की फळधारणा कोण करणार? लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी पाळा, निर्यातीला दिलेली पेटी अवशेषांमुळे परत आली तर दुकानदार भरून देत नाही.

पुनर्मोहोराबद्दल, म्हणजे फळ धरल्यावर पुन्हा येणाऱ्या मोहोराबद्दल, तिघांनी विचारले आहे. तो टाळायला पहिला मोहोर पूर्ण फुलल्यावर आणि पुन्हा फळे वाटाण्याएवढी असताना जिबरेलिक ॲसिड 50 पीपीएम फवारा, म्हणजे 1 ग्रॅम 20 लिटर पाण्यात. जास्त नको. वाटाण्याएवढी फळे झाल्यावर झाडाला 150 ते 200 लिटर पाणी, 15 दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा.

योजना: नवीन लागवडीला भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना, कोकणात 10 गुंठ्यांपासून 10 हेक्टरपर्यंत, अर्ज महाडीबीटीवर. आंबिया बहाराच्या फळपीक विम्याची मुदत दर वर्षी तपासा. सातबारा आणि ई-पीक पाहणीवर आंब्याची नोंद आत्ताच बघून घ्या.

राजापूरच्या बागायतदारांनी दोन झाडांच्या शेंड्यांचे जवळून काढलेले फोटो सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) द्यावेत. पाऊस उघडला की बागेत येतो, मधली कोणती फांदी काढायची ते झाडाशी उभे राहून ठरवू. तोवर ती 50 मिलीची बाटली घेतली असेल तर परत करा.