पाण्यातून न हलणारा बॉल पायथन आणि भांड्यातले काळे ठिपके

तुमचा बॉल पायथन, म्हणजे पाळीव अजगर, पाच दिवस पाण्याच्या भांड्यातून बाहेर यायला तयार नाही, भांड्याच्या तळाशी मोहरीपेक्षाही बारीक काळे कण साचताहेत आणि कुणीतरी तुम्हाला कुत्र्याच्या गोचिडांचा स्प्रे मारायला सांगितलंय. एवढं तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. तो स्प्रे अजून मारला नसेल तर कृपया मारू नका. मारून झाला असेल तर पुढचं वाचत बसू नका. सापाला कोमट पाण्याने नीट धुवा, दुसऱ्या स्वच्छ, हवेशीर डब्यात कोऱ्या कागदावर ठेवा आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याला फोन लावा.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं साप पाळतेय आणि तुमच्या पोस्टमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य माझ्या घरात घडून गेलंय, एवढाच माझा अधिकार. औषधाचं प्रमाण मी सांगणार नाही, ते सापाला काट्यावर ठेवून पशुवैद्यानेच ठरवायचं. तापमान, आर्द्रता, भांडी धुणं हे तुम्ही सांभाळत असालच, त्यात शिरत नाही.

तुम्ही त्यांना गोचीड म्हणताय, पण वर्णनावरून ते माइट्स आहेत, म्हणजे रक्त पिणारे अगदी बारीक परजीवी, सापांवरचे नेहमीचे, ओफियोनिसस नॅट्रिसिस. गोचीड मोठा असतो, चपटा असतो, एखाद्या खवल्याखाली शिरून एका जागी रुतून बसतो आणि बहुधा जंगलातून पकडून आणलेल्या सापांवर सापडतो. तो बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायचा आणि न पिळता, सरळ, सावकाश ओढायचा. व्हॅसलीन फासणं, चटका देणं हे प्रकार करू नका. गोचीड मोजून काढता येतात, विषय संपतो. माइट्सचं तसं नाही. रक्त प्यायलेली मादी जेमतेम एक मिलिमीटरची, काळपट, चालणारी. डोळ्याच्या कडेची खाच, हनुवटीखालची घडी, ओठांवरचे उष्णता ओळखणारे खड्डे आणि शेपटीजवळचं गुदद्वार, एवढ्या चार जागा भिंगाने बघा. खवल्यांवर पांढरी पूड उडाल्यासारखी दिसली तर ती त्यांची विष्ठा. साप पाण्यात बसतो तो यांच्यापासून सुटका म्हणून. मी ते कात टाकण्याची तयारी समजले आणि दोन आठवडे घालवले. पण माझी सगळ्यात महाग पडलेली चूक ही नव्हे.

ती चूक अशी. माझ्याकडे तेव्हा एक कॉर्न स्नेक होता, सहा वर्षांचा, हाताळायला अतिशय शांत. नवीन आणलेल्या दुसऱ्या सापाबरोबर माइट्स घरात आले. सापाच्या डब्यात खाली पसरलेला थर फेकला, डबा धुतला, सापाला रोज कोमट पाण्यात ठेवलं. नवव्या दिवशी भिंग घेऊन डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहिलं, एकही माइट नाही. मी थांबले. लाकडी गुहा परत आत ठेवली, नेहमीचा थर पसरला आणि प्रश्न मिटला असं धरून चालले.

माइट्स सापावर अंडी घालत नाहीत, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मादी पोटभर रक्त पिते, सापावरून उतरते आणि अंधाऱ्या, दमट फटीत जाऊन अंडी घालते. एक मादी आयुष्यात साठ ते ऐंशी अंडी घालू शकते. अंड्यातून निघालेली अळी काही खात नाही. तिच्यानंतरची पिल्लावस्था रक्त पिते, त्यापुढची पुन्हा काही खात नाही आणि मग पूर्ण वाढ झालेला माइट परत सापावर चढतो. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास या सगळ्याला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे नवव्या दिवशी माझा साप स्वच्छ होता आणि त्याची गुहा भरलेली होती. सरकत्या काचेच्या खाचेत तर मी पाहिलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी भांड्यात पुन्हा काळे ठिपके दिसले, आधीपेक्षा जास्त. मी घाबरले आणि चिडलेही. जवळच्या एका दवाखान्यात फोन केला. उत्तर मिळालं, आम्ही साप बघत नाही, पण गोचीडच आहेत ना, कुत्र्याचा स्प्रे मारा, चालतो. कुठला साप, वजन किती, डब्याला हवा यायला जागा आहे का, एक प्रश्न विचारला नाही. मी तो स्प्रे आणला. त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक होतं. एकदाच काय तो निकाल लागावा म्हणून साप आत असताना, पाण्याचं भांडं आत असताना, डब्याच्या चारही कोपऱ्यांत मारला आणि झाकण लावलं.

संध्याकाळी त्याची मान एका बाजूला वळत होती. उचलून ठेवला तर पाठीवर पडला आणि त्याला उलटून सरळ होता येईना. धुतला, दुसऱ्या पशुवैद्याकडे नेला, त्यांनी करता येण्यासारखं सगळं केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. माइट्सनी तो गेला नसता.

दोष आधी माझा. डबीवरचा मजकूर मी वाचायला हवा होता. पण त्या दवाखान्याबद्दलचा माझा राग आजही गेलेला नाही. साप बघत नसाल तर तेवढंच सांगा, जो बघतो त्याचा नंबर द्या. फोनवर दिलेला एका वाक्याचा सल्ला समोरचा माणूस औषध म्हणूनच घेतो, कारण तो घाबरलेला असतो. तुम्हाला सल्ला देणाऱ्याचं मनही चांगलंच असेल. तरी ऐकू नका.

पर्मेथ्रिनवर मी सरसकट बंदी घाला म्हणत नाही. खास सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डब्यांसाठी बनवलेले, सौम्य प्रमाणातले स्प्रे मिळतात आणि अनुभवी लोक ते वापरतात. पण ते रिकाम्या डब्यावर मारायचे असतात. साप बाहेर, पाणी बाहेर, पूर्ण वाळून वास जाईपर्यंत झाकण उघडं. कुत्र्याच्या औषधात प्रमाण किती आणि बरोबर आणखी काय मिसळलंय हे आपल्याला माहीत नसतं. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन तिच्यासाठी विष आहे, मासे आणि टॅरँटुला (मोठे पाळीव कोळी) असतील तर त्यांच्यासाठीही. आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचं औषध कुणी सुचवलं तर एक लक्षात असू द्या, कासवांना ते जिवावर बेततं. एकाच खोलीत कासव असेल तर पशुवैद्याला ते आधी सांगा.

आता तुम्ही काय करावं. माझ्या मते, आणि इथे दुसऱ्या कुणाचं मत वेगळं असू शकतं, औषधापेक्षा डबा महत्त्वाचा. थर आजच पिशवीत बांधून घराबाहेर टाका. लाकूड, कॉर्क, सालं हे वाचवायच्या भानगडीत मी आता पडत नाही, फेकून देते. खाली पांढरा कागद, लपायला पुठ्ठ्याचा खोका, तोही दर दोन दिवसांनी बदलायचा. पांढऱ्या कागदाचा मोठा फायदा असा, की माइट किती उरले ते रोज डोळ्यांना दिसतं. डबा कडकडीत गरम पाण्याने धुवा, खाचा ब्रशने घासा, कारण ५० अंशांच्या वर ते टिकत नाहीत. सापाला कोमट पाण्यात अर्ध्या अंगापर्यंत ठेवा, जवळ बसून राहा, एकटं सोडू नका. बरेच माइट बुडतात, काही डोक्याकडे पळतात, ते ओल्या कापडाने हळूच टिपून घ्यायचे. डोळ्यावरचं पारदर्शक कवच मात्र ओढू नका. तिथे माइट बसल्याने कात अडकली असेल तर तीही पशुवैद्याकडेच काढून घ्या.

तारीख लिहून ठेवा. शेवटचा माइट दिसला त्या दिवसापासून मी सहा आठवडे कागदावरच ठेवते. पूर्ण वाढलेला माइट चाळीस दिवसांपर्यंत जगू शकतो, म्हणून हा आकडा. एक दिसला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा येतो, डबा उघडाबोडका दिसतो, साप चिडचिडा होतो. तरी थांबायचं नाही.

औषध नको असेल तर भक्षक माइट्सचा मार्ग आहे, केयलेटस इरुडिटस किंवा स्ट्रॅटिओलेलॅप्स. हे सापाला चावत नाहीत, सापाच्या माइट्सना खातात. माझा अनुभव चांगला आहे, पण वेळ लागतो आणि आधी विषारी स्प्रे मारलेल्या डब्यात सोडले तर तेच मरतात. दोन्ही एकत्र चालत नाही.

घरात दुसरे साप असतील तर स्वच्छ असलेल्यांचं काम आधी, बाधित सापाचं सगळ्यात शेवटी, मग हात कोपरापर्यंत धुऊन कपडे बदला. साप उचलायचा हुक, चिमटे, भांडी वेगवेगळी. माइट्स बाहीवरून दुसऱ्या डब्यात जातात, माझ्याकडे तसेच गेले होते. नवीन साप मी आता नव्वद दिवस वेगळ्या खोलीत ठेवते. त्या काळात ताजी विष्ठा तपासून घेते, आतल्या जंतांसाठी. अहवालात अंडी दिसली म्हणून लगेच जंताचं औषध देऊ नका. कधी कधी ती खाल्लेल्या उंदराच्या जंतांची असतात आणि सापाच्या पोटातून नुसती बाहेर आलेली असतात. तपासणाऱ्याला तसं स्पष्ट विचारा. साप खाल्लेलं वारंवार ओकत असेल आणि पोटाच्या मध्यभागी फुगवटा दिसत असेल तर क्रिप्टोस्पोरिडियम या पोटातल्या सूक्ष्म परजीवीची चाचणी मागा. हा परजीवी ब्लीचने मरत नाही.

तुमच्या पोस्टमध्ये दोन गोष्टी नाहीत, त्या कळवा. डबा लाकडी आहे की प्लास्टिकचा, आणि त्या खोलीत आणखी कोणते प्राणी आहेत. लाकडी असेल तर सांध्यांचं वेगळं बघावं लागेल. आणि आज एकदा त्याचं तोंड आतून बघून घ्या, शक्य असेल तर दोघांनी मिळून. आतला गुलाबी रंग पांढुरका झाला असेल किंवा साप हातात ढिला पडत असेल तर रक्त खूप गेलंय. मग डबा धुण्यात वेळ घालवू नका, आधी पशुवैद्य.