एका पायावरचा फ्लेमिंगो

प्रश्न : सोसायटीच्या बागेत आठ फुटी, गोलमटोल, भडक गुलाबी फ्लेमिंगो बसवायचा आहे. फायबरचा (काचतंतू आणि रेझिनचा), एका पायावर उभा. कारागीर म्हणतो, पायात दोन इंची पाइप पुरेल. आणि रंग टिकेल ना? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही पुरणार. फायबरची आकृती वजनाने नाही, वाऱ्याने पडते. मुंबई परिसरासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात, म्हणजे चौरस मीटरला जवळपास 118 किलोचा दाब. पक्ष्याचं अंग समोरून 1.2 चौरस मीटर भरलं, तर 140 किलोचा रेटा, तोही जमिनीपासून पाच फुटांवर. सगळा ताण पाय तळपट्टीला मिळतो तिथे येतो आणि मध्यम जाडीचा दोन इंची पाइप तिथे वाकायच्या बेतात असतो. तीन इंची घ्या. फायबर चढल्यावर पाय जाडजूड दिसेल, पण अशा गुबगुबीत पक्ष्याला तो शोभतोच. दुमडलेला पाय पोटाला चिकटवूनच घडवा. सुटा ठेवलात तर पोरं लटकणारच.

तळपट्टी 12 मिमी, 16 मिमीचे चार बोल्ट, पायाला चहूबाजूंनी त्रिकोणी गसेट, म्हणजे आधाराच्या पट्ट्या. वेल्डिंगच्या जागी पाइपवरचं गॅल्व्हनायझिंग, म्हणजे जस्ताचा थर, जळतं. तिथे झिंक प्रायमर लावला नाही, तर वर्षभरात गुलाबी पायावर गंजाचे ओघळ. पाया साडेतीन फूट लांब-रुंद, दोन फूट खोल, म्हणजे सुमारे 1,600 किलो काँक्रीट. खाडीकडची भरावाची जमीन असेल तर इंजिनीअरला दाखवूनच खणा. पोटाच्या तळाशी 20 मिमीचं भोक हवं, नाहीतर आत पाणी साचून डासांची सोय होते.

जपानमधल्या नाओशिमा बेटावर धक्क्याच्या टोकाला यायोई कुसामा यांचा ठिपक्यांचा पिवळा भोपळा 1994 पासून होता. ऑगस्ट 2021 च्या वादळात तो समुद्रात वाहून गेला आणि 2022 मध्ये नवा बसवावा लागला. त्या बैठ्या भोपळ्याची ही गत, तुमचा पक्षी तर एका पायावर.

रंगाचं म्हणाल तर फ्लोरोसंट गुलाबी उन्हात सगळ्यांत आधी मरतो. साधा गुलाबी घ्या, दोन भाग मिसळून लावायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, दोन हात, वर यूव्हीरोधक पारदर्शक क्लिअर. साच्यातून निघालेल्या अंगावर मेण असतं. ते आधी थिनरने पुसा, मग 220 चा पॉलिश पेपर, मग इपॉक्सी प्रायमर. आधी पेपर मारलात तर मेण आत रगडलं जातं आणि पुढे रंगाचे पापुद्रे सुटतात. कंत्राटदार नेमकं हेच पुसणं गाळतात. समोर उभं राहून करून घ्या.

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी घरी फायबरची दोन फुटी रंगीत आकृती करते आहे. पावसात रेझिन चिकटच राहतं. हार्डनर वाढवू का? – एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : नको. जास्त हार्डनरने रेझिन तापतं, तडकतं. दोष बहुधा दमट मॅटचा, म्हणजे काचतंतूंच्या चटईचा असतो. ती बंद खोक्यात पिवळ्या बल्बच्या उबेत रात्रभर ठेवा. किलोभर रेझिनला 10 ते 15 मिली कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला मदत करणारं द्रावण) घालून नीट ढवळा, मगच 15 मिली हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. एका वेळी 300 ग्रॅमच कालवा. शेवटचा थर हवेच्या संपर्कात असतो म्हणून वरचा पापुद्रा चिकट राहतो. तिथे मेण घातलेलं रेझिन वापरा.

आणि हे काम खोलीत नको, गच्चीवर करा. कापडी मास्क इथे कुचकामी. वाफांचा कार्ट्रिज मास्क हवा, घासताना धुळीचा फिल्टरही. ‘नाना’ नावाच्या थोराड, रंगीबेरंगी बायका घडवणाऱ्या निकी द सँ फाल यांची फुफ्फुसं पॉलिस्टरच्या वाफा आणि धुळीनेच खराब झाली होती.

प्रश्न : आमची बाग पार्किंगवरच्या पोडियमवर आहे. अशी आकृती उभी करायला स्लॅबमध्ये बोल्ट ठोकले तर चालतील? – एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : वॉटरप्रूफिंग फुटेल आणि पहिल्याच पावसात खालच्या गाड्यांवर पाणी टपकेल. चौथऱ्याचा ठोकळा वरच ओता, रबर शीटवर, खाली कॉलम असेल तिथेच. स्लॅबवर किती भार चालेल ते स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घ्या, मगच ऑर्डर द्या.