स्क्रीनवरचा केशरी कागदावर विटका का होतो

तुझ्या चित्रातला झगझगीत केशरी मॅप्लिथोवर (वह्या-पुस्तकांच्या साध्या कागदावर) विटकरी झाला, यात छापखान्याची चूक नाही. स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते; कागद अंगावर पडलेलाच प्रकाश परत देतो. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातला, तो केशरी सीएमवायकेच्या चार शायांत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) बसतच नाही. झळाळता निळा आणि पोपटीही असाच मार खातात.

मॅप्लिथोला लेप नसतो. शाई तंतूंत मुरते, छपाईचा ठिपका पसरतो, सावल्या भरून येतात आणि बारीक रेषा बुजतात. लेप असलेल्या गुळगुळीत आर्ट पेपरवर शाई वरच राहते, म्हणून तोच रंग भरदार दिसतो. हँडमेड कागद पिवळसर असेल तर लक्षात ठेव: नेहमीच्या छपाईत पांढरी शाई नसते, चित्रातला पांढरा म्हणजे कागदच. गणपतीच्या सोंडेवरची चमक मग सायीसारखी दिसते. मला ते फार आवडतं, पण चांदण्या रात्रीच्या चित्राला हा कागद देऊ नकोस.

छापणाऱ्याकडून त्याच कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतील हे सांगणारी फाइल) माग आणि फोटोशॉप किंवा क्रिता या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचा स्क्रीनवरचा अंदाज, बघ, स्क्रीनचा उजेड कमी करून. मॅप्लिथोसाठी गडद भाग थोडे उजळव. मग त्वचा, केशरी आणि सावली असे कठीण तुकडे एका ए४ पानावर मांडून तिन्ही कागदांवर छापून घे. शाई वाळल्यावर खिडकीपाशी बघ. अतिशुभ्र कागदातली रसायनं दिवसाच्या उजेडात निळसर चमकतात, एलईडीखाली तोच कागद पिवळट वाटतो. चित्र जिथे टांगणार, तिथेही एकदा धरून बघ.